वाटतं खोडा, दिसतं लिहा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, छापखान्यात सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. अडतीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. शाळेची पुस्तकं, सरकारी नियमावल्या, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं, सगळं. त्यांच्या लाल पेनाखालून चूक सुटली नाही, असं निरोपाच्या दिवशी मालक भाषणात म्हणाले. त्या भाषणातल्या दोन चुका अण्णांनी मालकांना तिथेच चहा पिता पिता सांगितल्या. असला माणूस. मी तेवीस वर्षं त्याच्याबरोबर एका छताखाली काढली, तेव्हा माझ्याकडून गोडगोड काही ऐकायला मिळेल ही आशा आत्ताच सोडा.

निवृत्त झाल्यावर छापखाना सुटला, पेन सुटलं नाही. मग घरात तपासायला उरलं कोण? मी. फ्रिजच्या दारावर मी सामानाची यादी लावायची, संध्याकाळी तिच्यावर लाल खुणा. वाण्याला दिलेली चिठ्ठी, लेकीच्या शाळेत पाठवायचा रजेचा अर्ज, डब्यांवरची लेबलं, सगळीकडे लाल. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, आणि समासात त्यांची छापखान्यातली खूण. एक शब्द बोलायचे नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. माझा नवरा तर त्यांच्या हाताखालीच वाढलेला, त्याने लिहिणंच सोडून दिलं होतं. सही करतो आणि मोकळा होतो.

एवढं मी चालवून घेतलं. एक गोष्ट नाही घेतली. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी तिला चार पानी पत्र लिहिलं. पाकिटात घालायचं म्हणून टेबलावर ठेवलं आणि दुधाकडे वळले. परत येते तो चारही पानांवर लाल. सात चुका. दुसरं लिहायला वेळ नव्हता, टपाल निघायचं होतं, म्हणून तसंच पाठवलं. नंतर भाऊ म्हणाला, आईने पत्र दोनदा ऐकलं, मग हातात घेऊन त्या लाल खुणा बघितल्या आणि विचारलं, पोरीवर एवढं कोण रागावलंय? त्यानंतर आठ दिवसांनी आई गेली. अण्णांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? चुका तर होत्याच.

तर, दोन वर्षांपूर्वी माझ्या यादीवरच्या खुणा कमी होऊ लागल्या. आधी आठवड्याला एखाददुसरी, मग एकही नाही. मला वाटलं, म्हातारा नमला. मनातल्या मनात मी पेढेही वाटले. पण त्यांचा पेपर रोज सकाळी त्यांच्या हातात असायचा, चष्मा नाकावर, आणि पान मात्र उलटायचं नाही. चहाचा कप त्यांच्या समोर ठेवला तर हात आधी टेबलावरून सरकत यायचा. एकदा मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘साबन’. जाड काळ्या पेनाने, डोळ्यात भरेल असं. आठ दिवस ते ‘साबन’ फ्रिजच्या दारावर होतं. कुणी हात लावला नाही.

तेव्हा मला कळलं की यांना वाचता येत नाही. मी कुणाला सांगितलं का? नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. त्यांनाही विचारलं नाही. ते लपवत होते, मी लपवू दिलं. घरात पहिल्यांदा माझं अक्षर माझं राहिलं होतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

मग ते प्रकरण सुरू झालं. एका दुपारी मी भाजी चिरत होते. अण्णा स्वयंपाकघरात आले, खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, “कपाटावर माणसं दिसतात.”

“कुठल्या कपाटावर?”

“माझ्या खोलीतल्या. बोटभर उंचीची. टोप्या घातलेली. सात-आठ असतील. शिडीवरून खाली उतरतात, परत वर जातात. आवाज अजिबात नाही.”

“अण्णा, कपाटावर बॅगा आहेत.”

“बॅगा आहेत हे मला माहीत आहे. मीच ठेवल्यात. मी काय आहे ते सांगत नाही, काय दिसतं ते सांगतोय.” मग म्हणाले, “काल भिंतीवर मजकूर दिसला. दोन कॉलम, ओळी एकदम सरळ. जवळ गेलो तर एक अक्षर लागेना. तासभर तसाच होता. कुणाला बोलू नकोस.”

मी काय करावं? संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पांढराफटक पडला. त्याच्या मामाचं डोकं शेवटी फिरलं होतं, तेव्हापासून त्याच्या मनात ती धास्ती बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर बाकावर. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला लाल पेन लावलं होतं. कशाला, कोण जाणे.

तिथे आम्हाला एक छापील कागद मिळाला. वर लिहिलेलं, ‘नातेवाइकांनी रुग्णाची तक्रार आपल्या शब्दांत लिहावी.’ नवऱ्याने कागद माझ्याकडे सरकवला. “तू लिही. मला नाही जमत.”

मी लिहिलं. ते वाक्य मला तोंडपाठ आहे. ‘घरात अनोळखी माणसं आहेत असं त्यांना वाटतं. भिंतीवर कुणी तरी लिहून ठेवलंय असं त्यांना वाटतं.’ खाली एक रकाना होता: ‘दृष्टी’. तिथे मी लिहिलं, ‘चष्मा आहे.’ खोटं नव्हतं. चष्मा होताच.

“काय लिहिलंस?” अण्णांनी विचारलं.

“जे आहे ते.”

“वाचून दाखव.”

“आत बोलावतायत,” मी म्हणाले. खरंच बोलावलं होतं म्हणा.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, बाहेर पन्नास माणसं ताटकळत होती. मी त्यांना सगळा दोष देणार नाही, पण अर्धा नक्की देईन. त्यांनी कागद वाचला आणि अण्णांना तारीख, वार, महिना विचारला. अण्णांनी सगळं बरोबर सांगितलं. मग म्हणाले, घड्याळ काढा. अण्णांनी कागदावर काहीतरी रेघोट्या ओढल्या. आकडे वर्तुळाच्या बाहेर टेबलावर गेले. मग एक चित्र दाखवलं, म्हणाले, असंच काढा. तेही नाही. शेवटी डॉक्टरांनी एक कार्ड समोर धरलं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘डोळे मिटा’. वाचायचं आणि तसं करायचं, एवढीच परीक्षा.

अण्णांनी कार्ड हातात घेतलं. डावीकडून उजवीकडे मान फिरवली, छापखान्यात फिरवत असतील तशी. मग कार्ड परत दिलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. छापायला हरकत नाही.”

डॉक्टर माझ्या नवऱ्याकडे बघत राहिले. नवरा रडायला लागला. एका शब्दात काम होतं. ‘मला दिसत नाही’ एवढं अण्णांनी म्हणायचं, नाहीतर ‘त्यांना दिसत नाही’ एवढं मी. त्यांची जीभ गर्वाने धरली होती. माझी कशाने धरली होती ते मी वर सांगितलंच आहे.

त्याच दिवशी त्यांना भरती केलं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. चौथ्या दिवशी डबा घेऊन गेले तर माणूस ओळखू येईना. तोंड उघडं, हनुवटीवर लाळ, मान लाकडासारखी. “माणसं दिसतात का अजून?” मी विचारलं. “दिसतात,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती. “आता मला त्यांची नीट मोजदाद करता येत नाही.” वॉर्डातल्या बाईने त्यांचं लाल पेन काढून घेतलं होतं, टोचून घेतील म्हणून.

घर मात्र शांत होतं. मी खोटं कशाला बोलू? पहिले चार दिवस मी जोरजोरात गाणी लावली, फ्रिजवर हवं तसं लिहिलं, वेलांट्या जातील तिकडे जाऊ दिल्या. पाचव्या दिवशी यादी लिहिताना ‘साबण’ आला आणि पेन तिथेच अडलं. त्या दिवशी मी यादी लावलीच नाही.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी फरक नाही, वय आहे, हे आता असंच वाढत जाणार. शहराबाहेर एक संस्था आहे, अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात. शुक्रवारी गाडी जाणार, तोवर घरच्यांनी सही करायची. नवरा दोन रात्री झोपला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “तू म्हणशील तसं.” म्हणजे ते ओझंही माझ्याच डोक्यावर.

बुधवारी अण्णा वॉर्डात पडले. गोळ्यांनी पाय चालेनात, खाटेच्या कडेवर भुवई आपटली. डोळ्याला लागलं असेल म्हणून त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून डोळ्यांच्या विभागात पाठवलं. नवरा कामावर होता, सोबत मी गेले. तिथे एक पन्नाशीची बाई होती, डोळ्यांची डॉक्टर, आवाज खणखणीत, कपाळावर कायम आठ्या. तिने जखम बघितली, मग दिवा लावून आत बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिली.

“यांना दिसतं किती?” तिने मला विचारलं.

दहा दिवसांत इतक्या माणसांनी इतके प्रश्न विचारले, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी अण्णांकडे बघितलं. तिने अण्णांसमोर बोटं धरली. “किती?”

“तीन,” अण्णा म्हणाले. चार होती.

“अंदाजाने सांगू नका हो. मी काही तुमची परीक्षा घेत नाही. दिसत नसेल तर नाही म्हणा.”

अण्णांनी खिसा चाचपला, पेन नव्हतं. मग ते म्हणाले, “मधे काही नाही. कडेला थोडं आहे.” अडुसष्ट-सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केलेली ही पहिली कबुली असेल.

बाईने स्टूल पुढे ओढलं. मी वॉर्डाचा कागद तिच्या हातात दिला होता, तो तिने बाजूला ठेवला आणि त्यांनाच विचारायला लागली. माणसं बोलतात का? नाही. कधीच नाही? कधीच नाही. वास, स्पर्श? नाही. डोळे मिटले तर? “मिटले की जातात. डोळे भराभर इकडून तिकडे फिरवले तरी जातात, पण परत येतात.” ओळखीची असतात का? “एकही नाही. टोप्यांची शिलाई मात्र टाका न् टाका दिसते. माझा स्वतःचा हात मला तेवढा स्वच्छ दिसत नाही.” मग ताप येऊन गेला का, लघवीची जळजळ, नवी गोळी, दारू, हात थरथरणं, झोपेत हातपाय झाडणं, असं सगळं. सगळ्याला नाही.

शेवटी तिने विचारलं, “आणि ती माणसं खरंच तिथे आहेत असं वाटतं का तुम्हाला?”

अण्णांनी जड मान कशीबशी वर केली. “बाई,” ते म्हणाले, “बोटभर माणसं नसतात. मी म्हातारा आहे, मूर्ख नाही.”

ती हसली. मग माझ्याकडे वळली तेव्हा हसत नव्हती. म्हणाली, यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्हीकडचा, आणि आजचा नाही. डोळा मेंदूकडे कोरे कागद पाठवतो. मेंदू कोरा कागद खपवून घेत नाही, आपल्या मनाने काहीतरी छापून टाकतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला तोंडं, कुणाला जाळीची नक्षी. अक्षरं दिसणारे पण असतात. वेड नव्हे हे. कितीतरी जणांना होतं आणि लोक वेड्यात काढतील म्हणून कुणी बोलत नाही. “याला गोळ्या कशाच्या घालताय? आणि घड्याळ काय काढायला लावताय? कागदच दिसत नाही माणसाला.” ती उठलीच. “चला, मी येते वॉर्डात.”

वॉर्डातल्या डॉक्टरांना ते आवडलं नाही. कुणाला आवडेल? त्यांनी फाइल उघडली आणि माझा कागद वर काढला. “हे बघा. दिसणं वेगळं, वाटणं वेगळं. दिसतं म्हणाले असते तर मी आधी डोळे तपासले असते. इथे लिहिलंय, माणसं आहेत असं वाटतं. दोनदा लिहिलंय. याला आम्ही भ्रम म्हणतो. दृष्टीच्या रकान्यात तक्रार नाही. मी घरच्यांच्या लिहिण्यावर विसंबलो. लिहिणाऱ्यांना विचारा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णाही, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या बाजूला होतं. डॉक्टरांच्या पुढ्यात संस्थेचा फॉर्म तयार होता, खाली नवऱ्याच्या सहीची जागा. मी म्हटलं असतं की तेव्हा ते तसंच म्हणाले होते, तर कोण खोडून काढणार होतं? गोळ्या खाल्लेला म्हातारा? राग आला होता, डॉक्टरांचा, त्या बाईचा, सगळ्यांचाच.

“ते दिसतं म्हणाले होते,” मी म्हणाले. “वाटतं हा शब्द माझा आहे. आणि त्यांना वाचता येत नाही हेही मला माहीत होतं.”

“मग लिहिलं का नाही?” डॉक्टरांनी विचारलं. डोळ्यांच्या बाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत बघितलंच नाही.

गोळ्या हळूहळू बंद केल्या. फॉर्म रद्द झाला. तीन आठवड्यांनी अण्णा घरी आले, वाळलेले, पण मान सरळ. बोटभर माणसं अजून येतात. जास्त झाली की ते डोळे फिरवून त्यांना घालवतात, नाहीतर राहू देतात. नवऱ्याने मला कधी काही विचारलं नाही. तो विचारेल याची मी वाट बघत होते.

विचारलं अण्णांनीच. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. खुर्चीत बसले होते, समोर रुग्णालयाने परत दिलेली फाइल, सुटताना मिळालेलं लाल पेन खिशाला. “तुझा कागद काढ. वाच.”

मी वाचला. त्यांनी मला एका सुरात, स्वल्पविरामासकट वाचायला लावला, छापखान्यात वाचतात तसा. ‘वाटतं’ आलं तिथे त्यांनी हात वर केला.

“मी काय म्हणालो होतो?”

“दिसतं.”

“मग?”

“चूक झाली, अण्णा.”

“नाही. चूक मला ओळखू येते. ज्याला शब्द माहीत नसतो त्याची चूक होते. तुला माहीत होता.”

माझा बांध फुटला. मी म्हणाले, आईचं पत्र आठवतं का तुम्हाला? मरणाच्या दारातल्या बाईला तुम्ही लाल पत्र पाठवायला लावलंत. तेवीस वर्षं माझ्या हातचा एक कागद तुम्ही स्वच्छ राहू दिला नाही. ते शांतपणे ऐकत होते.

“आठवतं,” ते म्हणाले. “सात चुका होत्या.”

मी उठले. मला त्या खोलीत उभं राहवेना. दारापर्यंत गेले तेव्हा ते म्हणाले, “साबन मी पाहिलं होतं.”

मी वळले.

“कडेने दिसतं मला थोडं. मोठं अक्षर असलं, मान वाकडी केली, नाक दाराला लावलं की लागतं. तू घरात नव्हतीस तेव्हा लावलं. कशाला लिहिलंस तेही कळलं. दुरुस्त केलं असतं, पण रेघ कुठे ओढली जाईल याचा भरवसा नव्हता.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “घरात एकट्या तुला माहीत होतं मला दिसत नाही ते. माणसं दिसायला लागल्यावर सांगायला दुसरं कोण होतं मला?”

मला ते आवडत नाहीत, त्यांना मी आवडत नाही, त्यात काडीचा फरक पडलेला नाही. पण त्या दुपारी मी भाजी चिरत होते आणि ते खुर्ची चाचपत आले होते, ते सगळं घर सोडून माझ्याकडे आले होते, हे मला त्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं.

त्यांनी खिशातलं लाल पेन काढून माझ्या दिशेने धरलं. जरा बाजूलाच धरलं. मी पुढे जाऊन घेतलं, टेबलावर कागद सरळ केला, ‘वाटतं’ खोडलं आणि वर ‘दिसतं’ लिहिलं.

“दोन ठिकाणी आहे,” ते म्हणाले.